तिसरी नळी

यंत्रातून गरगर फिरून आलेली तिसरी नळी प्रभाताईंनी लॅबच्या खिडकीशी धरली. तळाशी रक्त बसलं होतं, पण वर पिवळं पाणी सुटायचं ते पुन्हा लालच.

“सिस्टर, सुई नीट घाला की. रक्त फुटलंय. दुसरं आणा.”

“ताई, या वेळी मोठी शीर धरून हळूच ओढलं,” सिस्टर रडकुंडीला आली होती. “आठवा महिना आहे तिचा. बीपी उतरेना, बरगडीखाली दुखतंय म्हणते. लिव्हरच्या रिपोर्टसाठी डॉक्टर खोळंबलेत.”

नळी टाकायला बादलीवर गेलेला प्रभाताईंचा हात तसाच राहिला. लाल पाणी म्हणजे सिस्टरची चूक, हेच त्या वीस वर्षं धरून चालल्या होत्या. पण सिस्टरचा हात हलका होता. रक्ताच्या पेशी सुईनं नव्हे, त्या बाईच्या अंगातच फुटत होत्या; तिच्या आणि बाळाच्या जिवाला धोका होता. सकाळी नऊच्या पहिल्या नळीनंही हेच सांगितलं होतं, आणि आता बारा वाजून गेले होते.

नळी मुठीत घेऊन त्या वॉर्डात धावल्या. त्यांना बघून कॉटवरच्या बाईनं काळानिळा पडलेला हात पुढे केला.

“अजून एकदा काढायचंय का, ताई?”