एकवीस वर्षांचं जहाज

चौकातला फ्लेक्स ज्ञानदेव स्वतःच उतरवत होता. बाकीचं जग नोकरीवर रुजू झाल्यावर पेढे वाटतं. आपल्याकडे निवडीचं पत्र आलं की फ्लेक्स लागलाच. वर मुलगा संघपाल, खाली शुभेच्छा देणारे तेवीस चेहरे आणि मधोमध पोहायचा तलाव असलेलं पांढरंशुभ्र जहाज. खरं तर संघपाल खलाशी होणार होता सिमेंट वाहणाऱ्या जहाजावर. पण ते फ्लेक्सवर शोभणार नाही, असं भिगवणच्या फ्लेक्सवाल्याचं मत पडलं.

सकाळी कंपनीचा फोन आला. गुजरातहून कोचीनला माल नेण्यासाठी कंपनी एक जुनं जहाज विकत घेणार होती. त्याला परवानगी मिळाली नाही. वीस वर्षांवरचं जहाज घेता येत नाही, असा सरकारचा नियम. हे निघालं एकवीसचं. जहाज नाही, तर नोकरीही नाही.

रंगुबाईनं खालून शिडी धरली होती.

"वय झालं जहाजाचं, मग घरी माझं लेकरू का?"

"नियम बरोबर हाय, आई," दोरी सोडवत संघपाल म्हणाला. "जुनं जहाज भर समुद्रात फुटतं. माणसं जात्यात." कोर्सला असताना हे वाक्य त्यानं परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. आज ते बोलताना त्याला रडू येत होतं.

फ्लेक्स खांद्यावर टाकून ज्ञानदेव उजनीच्या पाण्याकडे निघाला. संघपाल मागोमाग गेला. काठावर मासेमारीची होडी होती, तळाला डांबराची ठिगळं लावलेली. तिच्यातून मासे जात, पलीकडच्या शेळ्या येत, आणि पंचनाम्याचे साहेबही एकदा बसून गेले होते.

ज्ञानदेवनं विळ्यानं फ्लेक्सचा मधला तुकडा कापला. होडीत पाणी झिरपायचं तिथं डांबर फासून तो आतून चिकटवला. तेवीस चेहरे काठावरच पडून राहिले.

"आबा, हिला किती वर्षं झाली?"

"तुझ्यापरीस चार वर्षांनी थोरली." ज्ञानदेवनं होडी पाण्यात लोटली. "बस आत. हितं कोण वय इचारीत न्हाय."

संघपाल आत बसला. पाय ठेवायला जागा होती ती त्या पांढऱ्या जहाजावरच.