सुखरूप असल्याची पाटी

पुढे सुटलेल्या ओइवाची गाडी वळणावरच्या बर्चच्या झाडांत तोंड खुपसून पडली होती. आत तो आणि त्याची बायको इल्मा. सुखरूप असल्याची पाटी दिसली नाही तर मागच्यानं थांबायचं, हा मोटार रॅलीचा नियम.

"पाटी नाहीये, थांब!" मागून येणाऱ्या गाडीत उर्पोच्या शेजारी बसून वहीतली पुढची वळणं वाचून सांगणारी त्याची बहीण हिल्का ओरडली.

"होती. तू पुढचं वाच," उर्पो म्हणाला.

संध्याकाळी शेकोटीपाशी उर्पोच्या हातात आयुष्यात जिंकलेला पहिला कप होता. हिल्का त्याच्याकडे पाठ करून सॉसेज उलटत होती. ओइवा लंगडत आला, मागोमाग इल्मा.

"मला तर भोवळच आली होती रे. पण इल्मानं पाटी दाखवली असणार. नाहीतर न थांबता जाणाऱ्यांतला तू नव्हेस!"

इल्मानं गळ्यात बांधलेला हात सावरला आणि उर्पोकडे एकटक पाहिलं.

"हो," ती म्हणाली, "दाखवली होती मी."