पंच्याण्णवची अट

रोबोटिक सर्जरीच्या सिम्युलेटरवर पंच्याण्णव गुण पडल्याशिवाय खऱ्या पेशंटजवळ फिरकायचंही नाही, असा विभागप्रमुखांचा दंडक. शिकाऊ सर्जन बिचारी तिसऱ्यांदा चौऱ्याण्णववर अडकली.

“सर, डावं पेडल अडकतंय,” ती चाचरत म्हणाली.

“नाचता येईना, अंगण वाकडं!” म्हणत सरांनी अख्ख्या बॅचसमोर तिला नापास केलं.

दुपारी बडे पाहुणे आले. त्यांना प्रात्यक्षिक दाखवायला सर स्वतःच थाटात मशीनवर बसले. थोड्या वेळानं पडद्यावर भलामोठा आकडा झळकला: अडतीस. पाहुणे एकमेकांकडे बघू लागले.

सर ताडकन उठले आणि थेट तिच्यावरच खेकसले,

 

“पेडल अडकतंय हे आधी सांगायचं नाही? तोंड काय शिवून घेतलं होतंस?”