पाच-पाचच्या रांगा

वर्गात पोरं चोवीस. चोवीसचे विभाजक शिकवायला बाईंनी त्यांना मैदानावर रांगांत उभं केलं. समान रांगा लागून कोणी उरलं नाही, की तो आकडा विभाजक.

दोन-दोनच्या रांगा केल्या, तर एक पोर उरलं. तीन-तीनच्या केल्या, तरी एक. चार-चारच्या केल्या, पुन्हा एकच.

"कोण रे शेजारच्या वर्गातून घुसलंय?" बाई हसल्या. पण चेहरे सगळे ओळखीचेच होते.

"पाच-पाचच्या करा बरं," त्या म्हणाल्या. चोवीसला पाचानं भाग जात नाही. पण पाच रांगा गच्च भरल्या.

शाळा सुटली. चोवीस आया आल्या आणि एकेक पोर घेऊन गेल्या.

मैदानात एक उरलं, हुंदके देत. "बाई, माझी आई दुसऱ्यालाच घेऊन गेली."