खांद्याएवढं कुंपण

“जास्वंद नको,” मी नर्सरीवाल्याला म्हटलं. “पहाटे सगळी आळी पिशव्या घेऊन येईल. हात देवाच्या फुलांना आणि डोळे आमच्या अंगणात!”

त्यानं उंच वाढणारा अशोक दाखवला. तो मला पटला. माझी उज्ज्वला नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून अंगणात म्हणून बसलेली नाही. जरा पायरीवर टेकली, की शेजारची पारखेबाई तारेपलीकडून विचारणार, “जावई कधी येताहेत न्यायला?” मी तिला चांगलं सुनावते, पण तोवर पोरगी आत पळालेली असते.

“ह्याची भिंतच उभी कर,” मी म्हटलं.

“अशोक नको, आई.” माझ्या मागे उभी असलेली उज्ज्वला पुढे आली. “मी काय चोरी करून आलेय, एवढं लपायला?” तिनं तळहात आडवा करून खांद्याशी धरला. “दादा, इथवर वाढेल असं काही द्या. वाचत बसले, की कुणाला दिसायचं नाही. पण उभी राहिले, की विचारणाऱ्याला माझं तोंड दिसलं पाहिजे.”

“मग कोयनेल न्या,” तो म्हणाला. “झुडूप दाट होतं, शेळीसुद्धा तोंड लावत नाही. फक्त वर गेलं की छाटायचं.”

“छाटीन मी,” उज्ज्वला म्हणाली.

माझ्या शब्दापुढे आमच्या घरात कुणी बोलत नाही. मी तिच्याकडे पाहिलं. मान ताठ, अगदी माझी.

“ऐकलंस ना?” मी नर्सरीवाल्यावर डाफरले. “तो अशोक ठेव बाजूला. कोयनेल भर टेम्पोत. आणि धारेची कात्री दे, हिच्या हाताला बसेल अशी.”