दोन डिस्कांतली हौसा

हौसा जाऊन वरीस झालं, तरी इचलकरंजीतल्या घरात यंत्रमागाशेजारच्या स्पीकरवरनं ती रोज बोलायची. पण आता मेलेल्यांची मनं कंप्युटरवर सांभाळणारी कंपनीच बंद होणार होती. "आपापली माणसं आज घरी न्या," असा सांगावा आला, तसा तिचा नवरा महादबा कंप्युटरच्या दोन जुन्या डिस्का मांडून बसला. एक थोरली, एक धाकटी, जोडी न जमणाऱ्या बैलांसारख्या.

दोन्हींवर एकसारखी हौसा ठेवली, तर एक डिस्क मेली तरी दुसरीवर ती राहणार होती. पण मग धाकटीत मावेल तेवढीच. दोन्ही जोडून एक केल्या तर सगळी मावणार, पण एक जरी बिघडली की हौसा कायमची गेली.

"थोडं कमी करतो," महादबा म्हणाला.

"काय कमी करताय?" हौसानं विचारलं.

"तुझ्या दुखण्याची वर्सं. ते हाल कशाला ठेवायचे?"

"अवो, जन्मभर माझ्या केसाला हात लावला न्हाई तुमी. त्या दुखण्यातच वेणी घालायला शिकलासा. पहिली तर सुतळीवानी वळली हुती!"

महादबा हसला आणि दोन्ही डिस्का जवळ ओढून म्हणाला, "पन परत गेलीस तर?"

"जाईन की. पन सगळी जाईन."

महादबानं दोन्ही डिस्का जोडून एक केल्या आणि पत्र्याच्या डब्यात बसवल्या.

आता माग चालू असला तरी महादबा अधनंमधनं उठून येतो आणि डबा तापलाय का बघायला वर हात ठेवतो, तिच्या दुखण्यात कपाळावर ठेवायचा तसा.