वरचा मजला

“वरचा मजला बेकायदा आहे, बाई. या घरावर कुठलीही बँक छदाम द्यायची नाही,” तो म्हणाला.

म्हातारी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती. हा मजला तिच्या नवऱ्याने परवानगी न घेताच चढवलेला. तो गेल्यावर वरचे भाडेकरू आणि त्याचा बाजारातला व्यवहार ती एकटीच सांभाळत होती. व्यवहार कसला, हे घर घ्यायला आलेल्या या माणसाने कधी विचारलं नव्हतं. अलीकडे कुणीतरी पालिकेत तक्रार केली आणि दारावर नोटीस चिकटली.

“माझ्यावर कुणाचा एवढा राग असेल?” ती म्हणाली.

“असतात जळणारे.”

तक्रार त्यानेच केली होती. अशी अडचणीतली घरं पडत्या भावात उचलायची, हाच त्याचा धंदा. घर अडचणीत नसलं, तर तो तेवढी व्यवस्था करायचा.

“निम्म्या भावात कशी देऊ?”

“नका देऊ. पाडायला येतील तेव्हा ओवाळा त्यांना.”

आठवड्याने म्हातारी तयार झाली. अट एकच, पैसे एकरकमी हवेत.

तेवढी रोकड त्याच्याकडे नव्हती. एकामागून एक बँकांनी हात वर केले. शेवटच्या मॅनेजरवर तो इतका भडकला की रखवालदाराने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं.

अखेर दलालाने एक खासगी कंपनी गाठून दिली. व्याज जबर, आणि तारण म्हणून या घराबरोबर त्याचा स्वतःचा फ्लॅटही. मालक कधी समोर यायचा नाही, सगळं बोलणं वकिलाशी.

“राहतं घर गहाण ठेवताय?” बायको म्हणाली. “पोरांना घेऊन उद्या कुठे जायचं मी?”

“तुला यातलं काय कळतं?” तो खेकसला. “पालिकेतला साहेब आपल्या खिशात आहे.”

खरेदी झाली आणि त्या साहेबाची बदली झाली. नव्या साहेबाने त्याला दारातही उभं केलं नाही. वरचा मजला जमीनदोस्त झाला. भाडेकरू गेले, हप्ते तुंबले. फ्लॅटवर जप्ती आली तेव्हा बायको पोरांना घेऊन भावाकडे निघून गेली.

त्याचं डोकं सणकलं. तो तडक वकिलाच्या ऑफिसात शिरला आणि टेबलावर मूठ आपटली.

“लपून माणसं बुडवतो तुमचा मालक! हिंमत असेल तर समोर ये म्हणावं. तोंडावर विचारतो, कुणाच्या पोरांना रस्त्यावर आणताना लाज कशी वाटत नाही?”

वकिलाने चष्मा पुसला. “आतल्या खोलीत जा. विचारा.”

त्याने दार धाडकन ढकललं.

“किल्ल्या आणल्या असतील तर इथे ठेवा,” म्हातारी म्हणाली.